सुहास, त्या कुरणात काहीतरी होतं

सुहास,

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही, घरातसुद्धा नाही. इंग्लंडमधल्या त्या कुरणात काहीतरी होतं. तुला मी "काही नाही" असं सांगितलं तेव्हा माझी चूक झाली होती. ती चूक मला पुढे कळली, आणि कळल्यावरही मी तोंड उघडलं नाही. तू गेलास तोवर उघडलं नाही.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी तुझ्यावर लिहायला मला सांगितलंय. "नंदू, तू त्याचा सगळ्यात जवळचा, तूच लिही." त्यांना काय हवंय ते मला कळतं. तू नव्याने आलेल्या पोरांना एअरपोर्टवरून आणायचास, गणपतीत पार्किंगची ड्यूटी न मागता घ्यायचास, क्लेटनच्या इंडियन दुकानात कढीपत्ता शिळा आहे म्हणून मालकाशी भांडायचास आणि मग त्याच्याकडूनच तो घ्यायचास. हे सगळं खरं आहे, आणि दुसरं कोणीही लिहील. माझ्याकडे जे आहे ते दुसऱ्या कोणाकडे नाही.

वाचणाऱ्यांसाठी माझं काम सांगायला हवं. तुला ते ऐकायची सवय होती, इतरांना नसेल. मी जमिनीखालचं बघतो. लॉन मोवरसारखी दिसणारी एक गाडी असते, तिच्या पोटात रडार. ती ढकलत सरळ ओळीत चालायचं. खाली पाइप असेल, केबल असेल, कोणी खणून बुजवलेला खड्डा असेल, तर लहरी परत येताना तसं सांगतात. बहुतेक दिवस गॅसचे पाइप. कधीमधी एखादं कौन्सिल गावाबाहेरच्या जुन्या कबरस्तानात बोलावतं, कारण लाकडी क्रॉस केव्हाच वणव्यात जळून गेलेले असतात आणि खाली कोण कुठे आहे हे कोणालाच माहीत नसतं. "ज्याच्या सात पिढ्यांत एक कबर नाही तो गोऱ्यांना त्यांचे पूर्वज शोधून देतो," असं तू माझी ओळख करून देताना सांगायचास. लोक हसायचे. मीही हसायचो.

तू सॉफ्टवेअर टेस्टर. संशय घेण्याचा पगार मिळतो असा आमच्यातला एकटा माणूस. कोणी "चालतंय" म्हणालं की तुझे डोळे बारीक व्हायचे. रेस्टॉरंटमध्ये मेनू कार्डावर "होममेड" दिसलं तर तू विचारायचास, कोणाच्या होममध्ये? तुझी बायको, वैशाली, वैतागायची. "अरे, जेव ना गप." पण जेवणाआधी तुला ते होम कुठलं हे हवं असायचं.

इंग्लंडमध्ये एक राजा पार्किंगखाली सापडला ती बातमी तशी जुनी होती, पण तुला ती उशिरा भेटली. एका रविवारी तू फोन नाचवत माझ्या किचनमध्ये आलास. "नंद्या, रिचर्ड तिसरा! गाड्या लावत होते त्याच्या अंगावर! अरे, आपल्याकडून नेलेली प्रत्येक वस्तू ह्यांनी काचेच्या कपाटात नंबर घालून ठेवली, आणि स्वतःचे राजे हरवले?" त्याची हाडं त्याच्या बहिणीच्या वंशातल्या आजच्या माणसांशी जुळवली, आणि आयांकडून आलेला धागा जुळला. बापांकडून यायला हवा होता तो मात्र मध्येच कुठेतरी तुटलेला निघाला. त्यावर तू सगळ्यात जास्त खूश. "म्हणजे बघ. राजघराण्यातसुद्धा कोणीतरी काहीतरी लपवलं आणि सगळे शेकडो वर्षं 'चालतंय' म्हणत बसले."

मग तुला कळलं की असे हरवलेले आणखी आहेत. मठ पाडले गेले, दगड लोकांनी घरांना नेले, आणि राजे कुठल्या तरी गवताखाली, नाहीतर भिंतीखाली राहिले. त्यातला तू तुझा निवडलास: स्टीफन. बाराव्या शतकातला, फारसं कोणाला न आवडलेला. केंटमध्ये खाडीकाठच्या एका गावात त्याने मठ बांधला आणि बायको, मुलगा आणि तो स्वतः असे तिघं तिथे पुरले गेले. चारशे वर्षांनी दुसऱ्या एका राजाने मठ बंद केले, तो मठही पाडला गेला. तेव्हापासून गोष्ट अशी चालत आली की शवपेटीचं शिसं विकायला काढलं आणि राजाची हाडं खाडीत फेकली.

ही गोष्ट तुला पटली नाही. तू माझ्या ओट्याला टेकून उभा होतास, हातात माझ्याच डब्यातली चकली. "मला सांग, शिसं चोरायला आलेला माणूस घाईत असतो की नाही? तो हाडं तिथेच टाकेल. खाडीपर्यंत उचलून कशाला नेईल? त्याला काय विसर्जन करायचंय?"

"पण तिथे खोदलंय ना आधी? खड्डे रिकामे निघाले म्हणतात."

"रिकामा खड्डा एवढंच सांगतो की इथे नाही. कुठेच नाही असं नाही सांगत." तू चकलीचा तुकडा मोडलास. "मला संशय आहे की कोणीतरी होता. मठातला एखादा म्हातारा संन्यासी, बाहेर काढलेला. त्याने बघितलं, त्याला लाज वाटली, आणि त्याने ती हाडं गोळा करून जवळपास कुठेतरी गपचूप पुरली. आणि कोणाला सांगितलं नाही, कारण सांगणं परवडणारं नव्हतं."

मी म्हणालो, "तुझं काय जातंय त्यात? कुठला कोण राजा."

तू चकली संपवलीस, हात झटकलेस. तुझे बाबा गेले तेव्हा इथली बॉर्डर बंद होती. तू सगळं फोनवर बघितलंस, मध्ये नेटवर्क गेलं तेव्हा मुखाग्नीच राहिला. भावाने इंद्रायणीत अस्थी सोडल्या आणि व्हिडिओ पाठवला. "नंतर पुण्याला गेलो," तू म्हणालास, "आणि मला कळेचना कुठे जाऊन उभं राहायचं. नदीत उभं राहू? ती तर पुढे गेली. आपलं हे असंच असतं, मान्य. पण ज्याचं ठिकाण असू शकतं, त्याचं तरी लागू दे रे."

त्यानंतर मी तुला परत तो प्रश्न विचारला नाही.

रडार चालवायला मी तुला माझ्या घरासमोरच्या नेचर स्ट्रिपवर, म्हणजे रस्त्याकडेच्या गवताच्या पट्ट्यावर, शिकवलं. शेजारचा म्हातारा नळी धरून झाडांना पाणी घालत होता. त्याने बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "लॉस्ट समथिंग, मेट?" तू मान वर न करता म्हणालास, "अ किंग." "नो वरीज," तो म्हणाला, "इफ ही टर्न्स अप आय विल गिव्ह यू अ शाउट." पुढे महिनाभर तो मला बिनमध्ये कचरा टाकताना विचारायचा, "एनी लक विथ द किंग?"

त्याच दुपारी मी तुला आमच्या धंद्याचा एक नियम सांगितला होता. ओळीच्या शेवटाला पोचलास की गाडी उचल, रिकामा परत ये, आणि पुढची ओळ पुन्हा त्याच टोकापासून सुरू कर. सगळ्या ओळी एकाच दिशेच्या. तुला ते पटलं नाही.

"येताना रिकामं का यायचं? नांगर काय एकाच बाजूने चालतो?"

"नांगरायचं नाहीये तुला."

"वेळ किती फुकट जातो!"

"जाऊ दे. सवय लाव."

वेळ वाचवायला बरेच जण येतानाही ओळ घेतात, आणि त्यात काही वाईट नसतं. फक्त घरी आल्यावर सॉफ्टवेअरला सांगावं लागतं की एक आड एक ओळ उलटी आहे. एका चौकटीत टिक करायची. आमच्या टीममध्ये कोणी तसं चालत नाही, म्हणून ती चौकट मी वर्षानुवर्षं बघितलीही नव्हती.

तू मोठी रजा काढून इंग्लंडला गेलास. तिथल्या स्थानिक इतिहासवाल्यांच्या गटाशी तुझी ई-मेलवर मैत्री झाली होती. परवानगी त्यांची, भाड्याचं रडार त्यांचं, आणि जागा तुझी: पाडलेल्या मठाच्या पूर्वेकडचं कुरण, जिथे आजवर कोणी बघितलं नव्हतं. तू नकाशावर लाल पेनाने फुली मारलेला फोटो मला पाठवला होतास. तिथून फोन केलास तेव्हा मी फ्रीवेवर होतो, पुढे ट्रक, डोक्यात दुसऱ्या साइटची कटकट. तू ओरडून बोलत होतास, वारा होता. "नंद्या, पाऊस येतोय, मी येताना पण ओळी घेतल्या. एक जाताना, एक येताना. चालेल ना?"

"चालेल. करता येतं ते. पाठव डेटा."

मी हे बोललो. मला ते आठवतं. तो शब्दही आठवतो: करता येतं.

डेटा आला त्या आठवड्यात मी तो उघडला आणि नेहमीच्या पद्धतीने चालवला. चौकट तशीच कोरी राहिली. पडद्यावर कुरणाच्या दोन टोकांना दोन विरळ कंगवे दिसले. तुटक दाते, मध्ये रिकामं. मी दहा मिनिटंसुद्धा बघितलं नसेल. पाडापाडीचा राडारोडा, असं ठरवून टाकलं आणि तुला फोन केला.

आता जे सांगायचं ते मला जड जातंय. तो कंगवा म्हणजे काय हे आमच्या धंद्यात नव्या माणसालाही माहीत असतं. जमिनीखाली एक लांबट वस्तू एका टोकाला असेल आणि अर्ध्या ओळी उलट्या वाचल्या गेल्या, तर तिचे अर्धे तुकडे त्या टोकाला राहतात आणि अर्धे समोरच्या टोकाला जाऊन पडतात. मी स्वतः इतरांना हे फळ्यावर काढून शिकवलंय. मग मला ते ओळखू का आलं नाही? विसरलो, घाईत होतो, हे खरं आहे. पण माझा माझ्यावर संशय आहे, सुहास. माझ्या डोळ्यांना ते कळलं होतं आणि मला कळून घ्यायचं नव्हतं, असा. हे सिद्ध करायला माझ्याकडे काही साधन नाही. नाही असं सिद्ध करायलाही नाही.

कारण हेवा होता. इतका क्षुल्लक की लिहिताना कान गरम होतात. मी आयुष्यभर गॅसचे पाइप शोधले, एकाने कधी वळून विचारलं नाही. तू एका उन्हाळ्यात हौस म्हणून शिकलास आणि त्या गटाने त्यांच्या पत्रिकेत तुझा लेख छापला. मंडळाने तुझं भाषण ठेवलं. तुझ्या लेकीच्या, ईशाच्या, वाढदिवसाला तू सगळ्यांना सांगत होतास, "मी राजा शोधतोय." मी समोर केक खात होतो. तू एकदाही "आम्ही" म्हणाला नाहीस. तुझ्या मनात काही नसणार. मी मात्र मोजत होतो.

भाषणाच्या दिवशी हॉल भरला होता. चहा, बटाटेवडे, मागे पोरांचा गोंधळ. तू अर्धा तास सगळ्यांना खिळवून ठेवलंस, संन्याशाची गोष्ट सांगितलीस तेव्हा मागची पोरंही गप्प झाली. मग म्हणालास, "रिझल्ट माझ्या मित्राकडे आहे. तज्ज्ञ तो आहे. नंदू, ये वर." तुला रिझल्ट आधीच माहीत होता, मी फोनवर सांगितला होता. तरी तुला तो लपवायचा नव्हता. असा तू.

मी माइक घेतला आणि म्हणालो, "तिथे काही नाहीये. सुहासला राजा हवा होता, म्हणून सुहासला राजा दिसला."

हॉल हसला. मोठ्याने हसला. तू पण हसलास, माइक माझ्याकडून घेतलास आणि म्हणालास, "ठीक आहे. राजा नाही, पण वडे आहेत. गार व्हायच्या आत चला."

परत येताना गाडीत, सिग्नलला तू म्हणालास, "ते स्टेजवर बोलायची गरज होती का?"

"तूच तर बोलावलंस."

"मी रिझल्ट सांगायला बोलावलं. माझ्याबद्दल सांगायला नाही."

"गंमत केली रे."

"हं."

सिग्नल सुटला. हा वाद तिथेच राहिला. आपण पुढे शंभर गोष्टींवर भांडलो, ह्यावर कधी नाही. दुसऱ्या दिवशी तू त्या गटाला मेल लिहिलीस, मला कॉपी ठेवलीस. माझा मित्र ह्यातला जाणकार आहे, त्याच्या वाचनावर माझा पूर्ण विश्वास आहे, माझा तर्क मी मागे घेतो. गटाने दुसरीकडे बघायला सुरुवात केली. ते कुरण त्यांनी यादीतून काढलं.

काही महिन्यांनी एका जुन्या कबरस्तानात आमची टीम गेली होती. चिखल इतका होता की गाडी उचलून परत आणणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी जाता-येता दोन्हीकडून ओळी घेतल्या. संध्याकाळी ऑफिसात मी पडद्यावर बघितलं तर दोन टोकांना दोन कंगवे. ह्या वेळी मला क्षणही लागला नाही. चौकटीत टिक केली आणि कबरी शिस्तीत रांगेत उभ्या राहिल्या. मी खुर्चीत बसलो होतो तसा बसून राहिलो. सगळे गेल्यावर तुझा डेटा काढला. तीच टिक केली.

एक लांबट चौकोन. कडा सरळ, माणूस मावेल एवढा, पूर्व-पश्चिम, मठाच्या मूळ भिंतीपासून थोडा बाहेर. तुझ्या लाल फुलीच्या अगदी लगत.

तो राजा होता असं मी म्हणत नाही. तू असतास तर तूच आधी म्हणाला असतास की संशय घे. तो जुना नाला असेल, दुसऱ्या कुठल्या संन्याशाची कबर असेल, कोणी कधीतरी मेंढी पुरली असेल. उकरल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. पण तिथे "काही नाही" असं कोणीही सांगू शकत नव्हतं, आणि मी सांगितलं होतं, माइकवर.

पहिला क्षण आनंदाचा होता, हे मला नोंदवायचंय. मी फोन उचलला होता, तुझं नाव काढलं होतं. मग हॉल आठवला. काय सांगू? पहिल्या आठवड्यात शिकवतात ती चूक मी केली? लोक काय म्हणतील, आणि तू काय म्हणशील, आणि सगळ्यात वाईट म्हणजे तू काहीच म्हणणार नाहीस. मी फोन ठेवला. उद्या करू. तो उद्या पुढच्या आठवड्यावर गेला. मग तुझे रिपोर्ट आले, आणि मला एक चांगलं सबळ कारण मिळालं. आजारी माणसाला आता हे कशाला? ह्या विचाराला मी दया म्हणत होतो. ते दुसरंच काहीतरी होतं.

शेवटच्या दिवसांतली ती दुपार. तू फॅमिली रूममधल्या सोफ्यावर, अंगावर ईशाची पांघरायची ती जांभळी शाल, टीव्हीवर आवाज बंद करून टेस्ट मॅच. तू इतका वाळला होतास की चष्मा मोठा वाटत होता. मी मऊभात आणला होता, तू दोन घास खाल्लेस आणि वाटी माझ्याकडे सरकवलीस, "संपव, वैशाली बघेल." मी तुझा उष्टा भात खाल्ला. तू पडद्याकडे बघत विचारलंस,

"नंद्या, त्या कुरणातल्या ओळी. एक आड एक उलट्या धरल्या होत्यास ना?"

माझ्या तोंडात घास होता.

"हो रे. म्हणजे काय."

तू माझ्याकडे बघितलंस. फार वेळ नाही. "बरं," म्हणालास. मग म्हणालास, "हा बोलर थकलाय, काढायला हवा त्याला."

त्या "बरं"ने मला पंधरा दिवस झोपू दिलेलं नाही. कारण तू टेस्टर कसा होतास ते मला माहीत आहे. तूच सांगायचास, की बग सापडला की तू तो लगेच लिहून वर पाठवायचा नाहीस. आधी ज्याने कोड लिहिलाय त्याच्या डेस्कपाशी जायचास आणि सहज विचारायचास, अमुक केस धरली आहेस ना? तो शरमला, बघतो म्हणाला, तर ती त्याची दुरुस्ती. तुझं नाव कुठे येत नसे. "माणसाला स्वतः सापडू द्यावं," म्हणायचास. "मी फक्त बोट ठेवतो, जवळपास." आणि हेही म्हणायचास, की जो "हो हो, धरलंय" म्हणतो त्याच्याकडे एकदाच परत जायचं, पुन्हा नाही.

माझ्याकडे तू परत आला नाहीस.

डेटा तुझ्याकडेही होता. ते सॉफ्टवेअर महिनाभर फुकट वापरता येतं. आजारपणात तुझ्याकडे वेळच वेळ होता आणि दुसरं काही करायची ताकद नव्हती. मला संशय आहे की तू स्वतः ती टिक करून बघितली होतीस. तो चौकोन तू बघितला होतास. मग तू त्या गटाला का लिहिलं नाहीस? एक मेल पुरली असती. तुझा राजा, तुझं नाव, तुझ्या डोळ्यांदेखत. ह्याचं एकच उत्तर मला सापडतं, आणि ते मला सहन होत नाही: त्यात माझी चूक आधी आली असती, आणि ती तुला माझ्या तोंडून यायला हवी होती.

की असं काहीच नव्हतं, आणि औषधांच्या गुंगीत तुला आलेला तो एक साधा प्रश्न होता? मी दोन्ही बाजूंनी विचार करतो. मला साध्या प्रश्नावर विश्वास ठेवायला आवडेल. म्हणूनच मला त्याचा जास्त संशय येतो.

क्रिमॅटोरियममधून घरी आल्यावर सगळे पांगले. वैशाली ओट्यापाशी उभी होती, कोणीतरी आणलेल्या डब्यांची झाकणं कुठल्या डब्याची ते जुळवत होती. तिने मागे न बघता विचारलं, "नंदू, तुमच्या दोघांत काही झालं होतं का रे? शेवटी शेवटी तुझं नाव निघालं की तो गप्प व्हायचा. रागावल्यासारखा नाही. वाट बघितल्यासारखा."

"नाही ग. काही नाही."

ईशा टेबलावर होती, फोनमध्ये तुझे फोटो बघत. ती म्हणाली, "ही केप्ट सेइंग नंदूकाका विल रिंग. लाइक, एव्हरी डे. आय सेड ही केम यस्टरडे, बाबा. ही सेड नो, नो, ही विल रिंग." मग तिने माझ्याकडे बघितलं. तुझे डोळे. "अबाउट व्हॉट, काका?"

"आय डोन्ट नो, बेटा."

तुझ्या घरात उभं राहून, तुझ्या मुलीला.

तुझ्याबद्दल मला जे वाटतं ते ह्या सगळ्याखाली गाडलं गेलंय, आणि ते वर काढायचा हक्क मला आत्ता नाही. तरी एवढं लिहितो. मी ह्या देशात आलो तेव्हा कामाखेरीज कोणाशी बोलत नव्हतो. तू माझ्या दारात आलास तो मिक्सर उसना मागायला, आणि तो नेलाच नाहीस, गप्पा मारत बसलास. माझ्या रटाळ कामात गंमत आहे हे मला तुझ्यामुळे कळलं. पायाखाली कोण झोपलंय ह्याचा विचार मी तुझ्यानंतर करायला लागलो. त्याआधी ते फक्त रीडिंग होतं. त्या जुन्या कबरस्तानांत आता ओळ संपली की मी क्षणभर थांबतो. ते तुझं आहे.

वैशाली आणि ईशा पुढच्या महिन्यात इंग्लंडला निघाल्यायत. अस्थी इथे समुद्रात सोडल्या, पण एक चिमूट तिने ठेवलीय. तू सांगितलं होतंस म्हणे, त्या खाडीत टाका, राजा पडला नसेल तर मी तरी पडतो. गटातली माणसं त्यांना स्टेशनवर घ्यायला येणार आहेत. चहा होईल. कोणीतरी भला माणूस म्हणेल की तुमच्या नवऱ्याचा तर्क धाडसी होता, वाईट वाटतं की तो चुकला. आणि वैशाली मान हलवेल, कारण तिलाही तेच माहीत आहे. मग त्या कुरणाच्या बाजूने चालत खाडीकडे जातील.

गटाला सुधारलेलं चित्र पाठवणं माझ्याकडे आहे, आणि वर लिहिणं की ही जागा सुहासने दाखवली होती आणि मी ती चुकीची वाचली. ज्या लोकांना मी तुझ्यावर हसवलं त्यांना हा लेख वाचायला देणं माझ्याकडे आहे; अंक निघेल तेव्हा ते होईल. पण त्याआधी वैशालीच्या समोर बसून, ईशाला शेजारी बसवून, त्या विमानात चढायच्या आत हे सगळं माझ्या तोंडाने सांगणं हे मी देणं लागतो. आज दुपारी फोन केला होता. तिने उचलला. मी विचारलं, बॅगा भरल्या का.